‘प्रकल्प संपेपर्यंत’ म्हणजे नेमके किती महिने?

प्रति,
राज्यातल्या विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले प्रकल्पप्रमुख,
तसंच ज्यांच्या सहीने जाहिरात निघते ते कुलसचिव यांस,

स.न.वि.वि.

तुमच्यापैकीच एकाची जाहिरात माझ्यासमोर आहे. एकच पान, जरा तिरकं स्कॅन झालेलं, खाली निळ्या शाईतली सही. पद : ज्युनियर रिसर्च फेलो. संख्या : एक. मानधन : नियमानुसार. कालावधी : प्रकल्प संपेपर्यंत. मुलाखत येत्या मंगळवारी सकाळी दहा वाजता, विभागात. मूळ कागदपत्रं आणि साक्षांकित प्रतींचा एक संच सोबत आणावा, प्रवासखर्च मिळणार नाही. जाहिरातीवरची तारीख बारा दिवसांपूर्वीची आहे. वेबसाइटवर ती चढली परवा. माझ्या विद्यार्थिनीकडे पोचली काल रात्री, कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवरून. आज सकाळी लॅबमध्ये ब्युरेट धुता धुता तिने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "मॅडम, जाऊ का?"

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. ही मुलगी आमच्याकडून बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. बाहेरून करून आली आणि आता नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा अभ्यास करता करता प्रॅक्टिकलला मदत करते. नेट निघाली आहे, जेआरएफचा (ज्युनियर रिसर्च फेलोशिपचा) कटऑफ मात्र थोडक्यात हुकला. तुमच्या प्रकल्पातल्या जागेसाठी ती पात्र आहे. तरी 'जाऊ का'ला मला सरळ उत्तर देता येत नाही, कारण ज्यावरून ते द्यायचं तो आकडा जाहिरातीत नाही. प्रकल्पाचे आता किती महिने उरलेत? पत्र एवढ्या एका आकड्यासाठी आहे. बाकी जे लिहीन ते त्याच्याच मागे-पुढे.

तुम्हाला हिशेब पाठ आहे, पण पत्र खुलं आहे, म्हणून इतर वाचकांसाठी मांडते. डीएसटी, डीबीटी, आयसीएमआर किंवा पूर्वीचं एसईआरबी (आता त्याच्या जागी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलंय) या निधी देणाऱ्या केंद्राच्या संस्थांचा प्रकल्प साधारण तीन वर्षांसाठी मंजूर होतो. मंजुरीचा आदेश निघाला की घड्याळ चालू. मग खातं उघडायचं, पहिला हप्ता यायची वाट बघायची, उपकरणाची खरेदी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर टाकायची, निवड समितीची नावं मंजूर करून घ्यायची, जाहिरातीचा मसुदा कुलसचिव कार्यालयातून फिरून यायचा. मध्ये एखादी दिवाळी किंवा विद्यापीठाच्या परीक्षा. मुलगा रुजू होतो तेव्हा सात-आठ महिने गेलेले असतात, आणि त्यात कुणी आळस केलेला असतो असंही नाही. छत्तीसमधले राहिले अठ्ठावीस.

रुजू झालेल्या मुलाला पीएच.डी. करायची असते. तो त्यासाठीच आलेला असतो, आणि तुम्हीही मुलाखतीत त्याला तेच विचारलेलं असतं. यूजीसीच्या ७ नोव्हेंबर २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात. ती मोजायची प्रवेशाच्या तारखेपासून. प्रकल्पात रुजू झालं म्हणून प्रवेश मिळत नाही. विद्यापीठाची 'पेट' (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) निघायची वाट बघा, ती झाली किंवा नेटमुळे सूट मिळाली तर आरआरसीची, म्हणजे विषय मान्य करणाऱ्या समितीची बैठक, तिथे विषय मान्य झाला की पत्र. आमच्याकडच्या विद्यापीठांत हे सगळं एका वर्षात आटोपलं तर पेढे वाटावेत. म्हणजे अठ्ठावीसमधले दहा-बारा महिने आणखी गेले. उरले सोळा. छत्तीस महिन्यांच्या किमान अटीसमोर सोळा महिन्यांचा पगार. उरलेल्या वीस महिन्यांत मुलगा काय खातो, हा प्रश्न ना मंजुरीच्या आदेशात असतो ना आरआरसीच्या इतिवृत्तात.

यावर तोडगा म्हणून तुम्ही 'नो-कॉस्ट एक्स्टेन्शन' मागता. मुदत वाढते, पैसे नाही. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण कॉस्ट असतेच. ती मुलाच्या बापाच्या सोयाबीनमधून जाते.

मी सप्टेंबर २०१३मध्ये एका प्रकल्पात जेआरएफ म्हणून लागले. संस्थेचं नाव लिहीत नाही. इतक्या वर्षांनी त्या लोकांना बोल लावायचा नाही, आणि तसं बघितलं तर दुसरीकडेही हेच झालं असतं. महिना १६,००० रुपये. माझ्या घरात तोवर एवढा पगार कुणी उचलला नव्हता. ऑक्टोबर २०१४पासून केंद्राने तो २५,००० केला. लॅबमध्ये आम्ही भेळ मागवली. पण आमच्या मंजुरीच्या आदेशात मनुष्यबळाच्या रकान्यात जुनाच आकडा होता, वाढीव रक्कम वरून आल्याशिवाय अकाउंट्स सेक्शन एक रुपया जास्त काढेना. माझे गाइड स्वतः दोनदा दिल्लीला फोन करून थकले. फरकाची रक्कम खात्यात आली तेव्हा प्रकल्प संपून पाच महिने झाले होते आणि मी एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना मोल कन्सेप्ट शिकवत होते. नोंदणी २०१५च्या सुरुवातीला झाली होती. प्रबंध सादर केला २०१९मध्ये. मधली वर्षं सकाळी क्लास, दुपारी लॅब, रात्री शेवटच्या लोकलने खोलीवर. एनएमआर चाचणीला नमुने द्यायला पैसे नसले की महिनाभर काम पुढे ढकलायचं.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. २०१३च्या त्या जाहिरातीत 'शिल्लक कालावधी : २७ महिने' एवढं छापलेलं असतं तरी मी गेले असते. पण पहिल्याच महिन्यात नोंदणीच्या मागे लागले असते, पहिल्या वर्षातले पैसे साठवले असते, आणि वडिलांना 'तीन वर्षांची नोकरी' असं सांगितलं नसतं. त्यांनी त्या तीन वर्षांच्या भरवशावर बहिणीच्या लग्नासाठी पतपेढीचं कर्ज काढलं होतं.

पगाराचं आज बरं चाललंय, हे मान्य करायला हवं. जानेवारी २०१९पासून जेआरएफला ३१,००० झाले, त्यासाठी देशभरची मुलं रस्त्यावर आली होती. जानेवारी २०२३पासून ३७,००० झाले, एसआरएफला (सीनियर रिसर्च फेलोला) ४२,०००, वर शहराप्रमाणे घरभाडं. प्रोजेक्ट असोसिएट-१ म्हणून घेतलं तर नेट किंवा गेट (एम.टेक. वगैरेंची प्रवेश परीक्षा) असणाऱ्याला ३७,००० आणि नसणाऱ्याला ३०,०००. आमच्या तालुक्यात हे आकडे ऐकून लोकांच्या भुवया उंचावतात. पण 'मानधन : नियमानुसार' एवढंच लिहिलं की यातलं काहीच कळत नाही. नियमानुसार कुठल्या? मंजुरीच्या आदेशातल्या जुन्या दराने की नव्या? घरभाडं धरून की वेगळं? आमच्या मुलांना हे विचारायची भीती वाटते. पगाराचं विचारलं की 'याला संशोधनात रस नाही' असं तोंडावर बोलणारे भेटलेत.

नेटचाही एक खुलासा लिहा. जून २०२४पासून नेटमध्ये तीन गट झालेत : जेआरएफ आणि सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, आणि तिसरा फक्त पीएच.डी. प्रवेश. जाहिरातीत नुसतं 'नेट उत्तीर्ण' असतं. तिसऱ्या गटातल्या मुलाने यायचं की नाही? एकाला आम्ही पाठवलं. कागद तपासणाऱ्या क्लार्कने त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि त्याच महिन्यात दुसऱ्या संस्थेत तसल्याच निकालावर एकाची मुलाखत झाली. त्याच वर्षी १८ जूनला झालेली यूजीसी-नेट दुसऱ्या दिवशी रद्द झाली आणि २५ जूनपासूनची सीएसआयआर-नेट ऐन वेळी पुढे ढकलली गेली, तेव्हा 'मुलाखतीच्या दिवशी नेट असणं आवश्यक' या ओळीने किती जणांचं वर्ष गेलं ते तुम्ही बघितलंच असेल.

आता मंगळवार सकाळ. तुम्ही पॅनेलवर असता, त्यामुळे दाराच्या अलीकडचं तुम्हाला दिसत नाही, म्हणून सांगते. आमच्याकडून पुण्याला जाणारी एसटी रात्री निघते आणि पहाटे वाकडेवाडीला उतरवते. मुलींना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हल्ली मुलाखतींना मुली जास्त पाठवता येतात. हा शासनाच्या योजनेचा एक परिणाम, कुठल्या अहवालात आलेला नाही. स्टँडवरच्या स्वच्छतागृहात तोंड धुवायचं, पिशवीतला इस्त्रीचा ड्रेस घालायचा, पोह्यांची एक प्लेट. हातात बटणाची प्लॅस्टिकची फाइल : दहावीपासूनच्या गुणपत्रिका, सनद, टी.सी., जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेयर, मध्ये एक वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. प्रत्येकाची झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का, कारण स्वसाक्षांकन चालतं हे तुमच्या जाहिरातीच्या जुन्या मसुद्याला अजून कळलेलं नाही. आमच्या गावात तो शिक्का देणारे एक पशुवैद्यकीय अधिकारी आहेत. एम.एस्सी.च्या किती तरी गुणपत्रिका जनावरांच्या दवाखान्यात 'ट्रू कॉपी' झाल्यात.

विभागात दहाला पोचलं की जिन्याशेजारच्या बाकावर आधीच वीस जण असतात. अकरापर्यंत पन्नास. वहीत नाव, मोबाइल, सही. पॅनेलमधले बाहेरचे तज्ज्ञ बाराला येतात. एकेकाला चार मिनिटं. गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी अशीच रांगेतून आत गेली. पहिला प्रश्न एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवर, दुसरा कॉलम क्रोमॅटोग्राफीवर. तिने उत्तरं दिली. तिसरा प्रश्न : लग्न ठरलंय का? ती म्हणाली, नाही. मग पॅनेलमधल्या एका सरांनी हसत विचारलं, ठरलं तर प्रकल्प सोडणार का? ती काय म्हणाली ते तिला आठवत नाही. बाहेर येऊन तिने मला फोन केला आणि विचारलं, याचं बरोबर उत्तर काय होतं? डीएसटीच्याच आदेशात सगळ्या प्रकारच्या फेलोंना प्रसूती रजेची तरतूद आहे. ती ओळ जाहिरातीत छापलेली मी कधी बघितली नाही.

निकाल लागलाच नाही. कुणाची तरी निवड झाली असेल. ती दोन आठवडे रोज वेबसाइट उघडत होती. शेवटी तिथे एका वेगळ्याच विभागाची जाहिरात चढली. पन्नास जणांना 'निवड झाली नाही' एवढी एक ओळ टाकायला किती वेळ लागतो? वहीत सगळ्यांचे मोबाइल होते.

आणि ते न बोलायचं बोलूनच टाकते. पुष्कळदा उमेदवार ठरलेला असतो. तुमच्याच विभागातला एम.एस्सी. झालेला मुलगा पहिला हप्ता येईपर्यंत सहा महिने बिनपगारी राबलेला असतो. त्याला तुम्ही शब्द दिलेला असतो. माणूस म्हणून मला ते कळतं, त्याच्या जागी मी असते तर मलाही तसाच शब्द हवा असता. पण नियम म्हणतो जाहिरात काढा, म्हणून तुम्ही ती काढता, शक्य तितक्या कोपऱ्यात, शक्य तितक्या कमी दिवसांची. तरी पन्नास जण येतात. तुमचं एक पान नियमात बसावं म्हणून पन्नास जण रात्रभर प्रवास करतात. निदान पहिली फेरी गूगल मीटवर घ्या. कोरोनाच्या दोन वर्षांत तुम्ही सगळ्या मुलाखती तशाच घेतल्या होत्या; पीएच.डी.च्या तोंडी परीक्षासुद्धा. काहीही कोसळलं नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईतल्या एका रुग्णालयात आयसीएमआरच्या प्रकल्पावर आहे. पद प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-३, पगार २८,००० आणि घरभाडं. तिचा दिवस सकाळी साडेसातला ओपीडीच्या बाहेर सुरू होतो. रुग्ण उपाशीपोटी यायला हवा, रक्त घेतल्यावर ठरलेल्या वेळात ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरायला हवं आणि सीरम उणे ८०च्या फ्रीजरमध्ये जायला हवं. त्याआधी ती प्रत्येकाला माहितीपत्रक मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवते : किती रक्त घेणार, कशासाठी, किती वेळा यावं लागेल, अभ्यास किती काळ चालेल, मध्येच सोडता येईल का. ही कलमं ऐच्छिक नाहीत. आयसीएमआरच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागाचा कालावधी आधी सांगावाच लागतो, नाहीतर एथिक्स कमिटी प्रकल्पाला हात लावू देत नाही. एक आजीबाई तिला म्हणाल्या, "आणि तू किती दिवस आहेस गं इथं?" तिचा करार सहा-सहा महिन्यांचा आहे, मध्ये एक दिवसाचा ब्रेक. पुढच्या सहा महिन्यांचं तिला त्या दिवशी माहीत नव्हतं.

तिने हे मला हसत सांगितलं, आणि माझ्या डोक्यात ते बसलं. पाच मिली रक्त देणाऱ्याला तुम्ही कालावधी लेखी सांगता, त्याच्या भाषेत, सही घेऊन. आयुष्यातली पंचविशी-सत्ताविशी देणाऱ्याला 'प्रकल्प संपेपर्यंत'. पद्धत तुम्हाला येते. नमुना तुमच्याच कपाटात आहे. मी काही नवं मागत नाहीये.

इंजिनिअरिंगकडे उलटं चित्र आहे, तेही सांगायला हवं, नाहीतर रांगा सगळीकडे सारख्याच असतात असं वाटेल. तिथे हीच जेआरएफची जाहिरात दोनदा-तीनदा निघते आणि मुलाखतीला एकच जण येतो, तोही गेट नसलेला. ज्याची गेट चांगली निघाली तो सार्वजनिक कंपनीत जातो किंवा आयआयटीत एम.टेक. करतो. एम.टेक.ची शिष्यवृत्ती कैक वर्षं १२,४०० रुपयांवर थांबलेली, तरी जातो, कारण दोन वर्षांनी कॅम्पस असतं, आणि दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं हे त्याला पहिल्या दिवशी माहीत असतं. तुमच्या प्रकल्पात ३७,००० असूनही तो येत नाही. मुलं पैसे बघतात असं म्हणून आपण मोकळे होतो. मुलं तारीखही बघतात.

तीन वर्षांपूर्वी आमचा एक मुलगा जर्मनीला गेला. त्याने अर्ज करायच्या आधी मला ती जाहिरात दाखवली होती. डॉक्टरेटची जागा, करार ३६ महिन्यांचा, काम ६५ टक्के, वेतनश्रेणी ई-१३, रुजू होण्याची तारीख, अर्जाची शेवटची तारीख, आणि शंका असल्यास विचारायला प्राध्यापिकेचं नाव, ईमेल. वेतनश्रेणीचा तक्ता कुणीही उघडून बघावा, पहिल्या वर्षाचा पगार कळतो. त्या देशात सगळं आलबेल आहे असं नव्हे. २०२१मध्ये तिथल्याच संशोधकांनी या मुदतबंद करारांविरुद्ध समाजमाध्यमांवर मोठा गदारोळ केला होता. ६५ टक्क्यांच्या पगारात काम शंभर टक्के, हे आमचा मुलगाही सांगतो. पण भांडायला त्यांच्याकडे छापील आकडा तरी असतो. तो मुलगा मला म्हणाला, मॅडम, पुण्याच्या जाहिरातीपेक्षा मला ही जाहिरात जास्त समजली, आणि मला जर्मन येत नव्हतं.

तुमच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं समजू नका. पैसे पूर्वी विद्यापीठाच्या खात्यात यायचे, आता झीरो बॅलन्स खातं, सरकारी पैशांची पीएफएमएस प्रणाली, खर्चाची मर्यादा वरून ठरणार, ३१ मार्चला उरलेली मर्यादा परत. युटिलायझेशन सर्टिफिकेटवर (खर्चाच्या दाखल्यावर) सीएची सही झाल्याशिवाय दुसरा हप्ता नाही, आणि ते सर्टिफिकेट अकाउंट्समध्ये कुणाच्या टेबलावर अडकलंय ते शोधायला तुम्ही स्वतः जिने चढता. खुद्द केंद्राच्या इन्स्पायर फेलोंना २०२४-२५मध्ये महिनोन्‌महिने पैसे मिळाले नव्हते, तिथे एका प्रकल्पप्रमुखाचं काय चालणार? स्वतःची फेलोशिप असलेल्या मुलांचीही तीच गत. बार्टीच्या फेलोशिपसाठी २०२३मध्ये मुलं आझाद मैदानात बसली होती. पगार वेळेवर द्या असं मी तुम्हाला म्हणत नाही, ते तुमच्या हातात नाही. पाच वर्षांत ५०,००० कोटींच्या गोष्टी दिल्लीत होतात, अनुसंधान फाउंडेशनच्या कायद्यात विद्यापीठं आणि महाविद्यालयं यांच्यात संशोधन रुजवायचं लिहिलंय. ते आमच्या लॅबपर्यंत कधी येईल ते येईल.

पण जाहिरातीचा मजकूर तुमच्या हातात आहे. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. मंजुरीचा आदेश तुमच्या टेबलावर असतो, त्यावर शेवटची तारीख असते, वजाबाकी पाचवीची आहे. तारीख लिहा, आजपासूनचे महिने लिहा. पहिला हप्ता आला आहे की यायचाय, ते लिहा. नोंदणी तुमच्याकडे होऊ शकते का, तुमच्याकडे गाइड म्हणून जागा रिकामी आहे का, हेही. मर्यादेतले आठही जण आधीच नोंदलेले असतील तर प्रकल्पातला नववा काय करणार? 'पीएच.डी.साठी नोंदणी शक्य नाही' हे वाचून काही जण येणार नाहीत, आणि जे येतील ते दीड वर्षाचा अनुभव म्हणून येतील, तुमच्यावर रुसणार नाहीत. मानधनाचा आकडा लिहा. उमेदवार विभागातलाच असण्याची शक्यता असेल तर तेवढं लिहिण्याचं धैर्य कुणी करणार नाही, हे मला कळतं. मग निदान पहिली फेरी ऑनलाइन.

कुलसचिवांना वेगळं एक. प्रकल्पांच्या जाहिराती वेबसाइटवर चार ठिकाणी विखुरलेल्या असतात : 'करिअर', 'नोटिस बोर्ड', विभागाचं पान आणि 'इतर'. निकाल कुठेच नसतो. एक पान करा, त्यावर जाहिरात चढल्याची खरी तारीख दिसू दे, आणि त्याच ओळीपुढे निवड झाल्याची नोंद. मग बारा दिवसांपूर्वीची तारीख घालून परवा चढवलेली जाहिरात आपोआप बंद होईल. कुणाला दोष द्यायचीही गरज पडणार नाही.

एकदा एका प्रकल्पप्रमुखांना मी हे तोंडी बोलले होते. चांगले गृहस्थ, त्यांच्याकडच्या मुलांना ते स्वतःच्या खिशातून पैसे देतात. ते म्हणाले, "बाई, सोळा महिने लिहिलं तर चांगला उमेदवार येणार नाही." मी त्यांना विचारलं, सर, मग आत्ता जो येतो तो काय समजून येतो? त्यांनी चहा मागवला. विषय तिथेच राहिला.

या मंगळवारचं सांगून थांबते. मुलीने सोमवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय, अर्ध्या दरात. शिक्के जनावरांच्या दवाखान्यात मारून झाले. जाहिरातीखालच्या लँडलाइनवर मी आज तीनदा फोन केला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा एका मुलाने उचलला, बहुधा तुमचाच जुना जेआरएफ असावा. म्हणाला, सर बैठकीला गेलेत, सोमवारी करा. मी त्यालाच विचारलं, प्रकल्पाचे किती महिने उरलेत रे? जरा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, ते आम्हालाही नक्की सांगितलेलं नाही."

सोमवारी सकाळी अकराला मी पुन्हा फोन करणार आहे. दुपारपर्यंत कळलं तर तिकीट रद्द करता येईल.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक शिक्षिका
(माजी जेआरएफ, सत्तावीस महिने)